एका ‘घे’चा भलामोठा गोतावळा

रिक्वेस्ट ॲक्सेप्ट कर, पार्सल रिसीव्ह कर, पैसे भरलेस तर रिसीट घे. ॲक्सेप्ट, रिसीव्ह, रिसीट हे इंग्रजी शब्द आता आपल्या मराठीत घरच्यासारखे वावरतात. त्यांचं कूळ शोधत गेलं की तिघंही एकाच दारात भेटतात : ‘कापेरे’ हे लॅटिन क्रियापद. अर्थ, घेणं किंवा पकडणं. या घराण्यातल्या आणि शेजारपाजारच्या काही मंडळींची ही ओळख.

सख्खे भाऊ, उलटी तोंडं
‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणं, ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळून. दोघांच्याही पोटात ‘कापेरे’च आहे. आधी ‘आद’ (कडे) लागलं की आपल्याकडे घेतलं. ‘एक्स’ (बाहेर) लागलं की उचलून बाहेर ठेवलं. सगळी किमया उपसर्गाची!

चिठ्ठीवरचा हुकूम
डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आर अक्षराच्या पायावर तिरकी रेघ मारलेली खूण असते. आपण तिला ‘आरएक्स’ म्हणतो. ती खूण म्हणजे लॅटिन ‘रेकिपे’चं छोटं रूप, आणि त्याचा अर्थ ‘घे’! अमुक औषध इतकं घे, तमुक तितकं घे, असा तो औषध बनवणाऱ्याला दिलेला हुकूम. हाच शब्द पुढे स्वयंपाकघरात शिरला आणि ‘रेसिपी’ झाला. त्याआधी पाककृतीला इंग्रजीत ‘रिसीट’ म्हणत; अठराव्या शतकातल्या पाकपुस्तकांत हा शब्द सर्रास दिसतो.

मुका ‘पी’
‘रिसीट’च्या स्पेलिंगमधल्या ‘पी’ने शाळेत अनेकांचे गुण खाल्ले आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द बहुधा ‘पी’शिवायच लिहीत. पुढे विद्वानांनी मूळ लॅटिन रूपाच्या आदरापोटी ‘पी’ परत आणून बसवला. लेखणीने तो घेतला, जिभेने नाही. ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ ही त्याच घरातली भावंडं मात्र ‘पी’वाचून सुटली.

मुन्सिपाल्टीही घरचीच
लॅटिन ‘मुनुस’ म्हणजे कर्तव्य. त्याला ‘कापेरे’ जोडलं की होतो कर्तव्य अंगावर घेणारा नागरिक, आणि त्यातूनच आला ‘म्युनिसिपल’. ‘प्रिन्स’ म्हणजे पहिलं स्थान घेणारा. ‘कॅच’ आणि ‘चेस’ ही तर जुळी : एक नॉर्मन फ्रेंचमधून इंग्रजीत आला, दुसरा मध्य फ्रान्सच्या बोलीतून.

व्हायकिंगांचा ‘टेक’
‘टेक’ मूळचा इंग्रजी नव्हे. तो उत्तरेकडच्या व्हायकिंगांबरोबर आला. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ असा शब्द होता. ‘टेक’ने त्याची जागा बळकावली, पण ‘निमन’च्या कुळातले दोन शब्द आजही आहेत : ‘निंबल’, म्हणजे चटकन उचलणारा, चपळ, आणि ‘नम’, म्हणजे ज्याची संवेदना काढून घेतली आहे असा, बधिर.

रिसीव्हर एक, कामं तीन
फोनचा रिसीव्हर कानाला लावतात. कोर्टाचा रिसीव्हर वादातल्या मालमत्तेचा ताबा घेऊन ती सांभाळतो. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही इंग्रजीत रिसीव्हरच. एकाच शब्दात कोर्टाचा विश्वासू माणूस आणि आरोपी!

‘हो’ नेमकं कधी पक्कं?
इंग्लंडमध्ये 1817 च्या सप्टेंबरमध्ये एका व्यापाऱ्याने लोकर विकण्याचा प्रस्ताव पत्राने पाठवला. पत्त्यातल्या चुकीमुळे पत्र उशिरा पोहोचलं. समोरच्याने त्याच दिवशी होकार टपालात टाकला. पण तो हाती पडण्याआधीच लोकर दुसऱ्याला विकली गेली होती. 1818 मध्ये कोर्टाने निकाल दिला : होकार टपालात पडला, तेव्हाच करार झाला. आपल्या 1872 च्या करार कायद्यात याला छान कलाटणी आहे. होकार रवाना झाला की प्रस्ताव देणारा बांधला जातो. होकार देणारा मात्र तो समोरच्याला कळेपर्यंत मोकळा असतो, तोवर त्याला शब्द मागे घेता येतो.

तोंडवळा फसवा
इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणं’. उच्चार सारखा, अर्थ सारखा, पण रक्ताचं नातं नाही! ‘हॅव’चा खरा नातलग ‘कापेरे’, आणि ‘हाबेरे’चा भाऊ चक्क ‘गिव्ह’, म्हणजे देणं. त्या दोघांच्या मूळ धातूचा अर्थ भाषाशास्त्रज्ञ ‘देणं किंवा घेणं’ असाच लावतात.

मुलांकडून स्पेलिंगं घोकून घेण्याआधी ही नाती त्यांना जरूर सांगावीत. गोष्ट लक्षात राहिली की मुका ‘पी’सुद्धा आपोआप लक्षात राहतो.