जीपचा ड्रॅग लिंक वर घेताना

मार्कंडा परिसरातील धानाच्या बांध्यांवर जाण्यासाठी आपण जुन्या जीपचे कमानपाटे वाढवून ती उंच केली असेल, तर ड्रॅग लिंक तिरपा होतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढ घेते. म्हणून तो आर्मच्या खालून काढून वरून बसवितात. मात्र आर्मचे छिद्र निमुळते असते. उलट बाजूने बॉल जॉइंट त्यात बसत नाही. लेथवाल्याकडून छिद्र वाढवून निमुळते बुश घालावेच. येथे वेल्डिंगचा जुगाड नको. तुटल्यास चाके हाताबाहेर जातात. नटला स्प्लिट पिन विसरू नये. चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून लिंक पाट्यांना वा चेसिसला घासतो का, ते पाहावे. स्टिअरिंग वाकडे राहिल्यास लिंकची लांबी जुळवावी.