पासिंगचा दाखला आणि चालती घरे

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान ठेवलेली तुकोबारायांची पालखी रोटीचा घाट ओलांडून बारामतीत येते आणि काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण व बेलवडीचे गोल रिंगण आटोपून इंदापूर-सराटीच्या वाटेने पुढे सरकते, तेव्हा तिच्या मागेपुढे दिंड्यांचे ट्रक चाललेले असतात. राहुट्या, शिधा, गॅसच्या टाक्या आणि पाय सुजलेली म्हातारी माणसे या सर्वांना पोटात घेऊन जाणारे ते ट्रक म्हणजे आपल्या मुलखातली सर्वांत जुनी चालती घरे होत. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि बिजवडी येथील कारखान्यांकडे ऊसतोडणी कामगारांचा संसार ज्या जोड-ट्रॉल्यांतून येतो, त्याही एका परीने घरेच. आणि राज्य शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर, भिगवणच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी पाहण्यासाठी हौशी कुटुंबे स्वतःच बांधून घेतलेल्या जुन्या व्हॅन घेऊन उतरू लागली, तर त्या व्हॅनचीही गणना याच वर्गात करावी लागेल. या सर्व गाड्यांचा समान धर्म असा, की वर्षातले कित्येक महिने त्या उभ्या असतात, आणि मग एके दिवशी माणसांसह पुऱ्या भाराने रस्त्यावर येतात. त्यांच्या सुरक्षिततेविषयी लोकांत रूढ झालेले काही समज तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

पहिला आणि सर्वांत दृढमूल समज हा, की ‘पासिंग झाले’ म्हणजे गाडी निर्धोक झाली. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये परिवहन वाहनास जो योग्यतेचा दाखला मिळतो, तो तपासणीच्या दिवशीच्या स्थितीचा साक्षीदार असतो, पुढच्या प्रवासाचा जामीनदार नव्हे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस तो दोन वर्षांचा आणि त्याहून जुन्या गाडीस एक वर्षाचा मिळतो. परंतु त्याची मुदत शिल्लक असतानाही गाडी नियमांत बसत नाही अशी खात्री झाल्यास तो रद्द करण्याचा अधिकार त्याच कलमाने अधिकाऱ्यास दिलेला आहे, यावरूनच कायद्याने त्या कागदावर किती भिस्त ठेवली आहे ते दिसते. दिवे, परावर्तक, आरसे, काच, भोंगा, वायपर, ब्रेक, स्टेअरिंग अशी तपासावयाच्या गोष्टींची यादी नियमांत आहे. पण गाडी तपासणीस येते ती बहुधा रिकामी, धुतलेली, आणि कधी कधी शेजाऱ्याकडून मागून आणलेले टायर चढवलेली. ब्रेकची चाचणी गाडी प्रत्यक्ष चालवूनच व्हावी म्हणून परिवहन कार्यालयांनी २५० मीटरचा चाचणीमार्ग उभारावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयास एका जनहित याचिकेवर २०१६ साली द्यावा लागला. नुसत्या नजरेच्या पाहणीला किती मर्यादा आहेत, हे त्या आदेशाने अधोरेखित केले. आणि त्यात बारामतीच्या वा अन्य कोणत्या कचेरीतील निरीक्षकाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही, कारण थोड्या मिनिटांत रिकामी गाडी पाहणाऱ्यास भरलेल्या गाडीची प्रकृती कळावी कशी?

दुसरा समज मला अधिक घातक वाटतो, तो असा, की गाडी कमी चालली म्हणजे ती चांगली राहिली. सणसरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये दिंडीच्या अशाच एका ट्रकाखाली वाकून पाहण्याचा योग मला आला. रंग नवा, कपाळावर विठ्ठलाचे चित्र, आणि टायरची नक्षी इतकी खोल, की तीत बोटाचे नख सहज बुडावे. मालक समाधानाने म्हणाला, “पंढरीशिवाय हा जातोय कुठं? अजून दोन वाऱ्या निघतील.” मेस्त्रीने काही न बोलता टायरची बाजू फडक्याने पुसली, आणि लंबवर्तुळात उठवलेले चार आकडे दाखवले : २३१४, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात घडवलेला टायर. त्याने अंगठा रेटला तेव्हा केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. “बापू, टायर गोटा झालेला नाही, पण रबर मेलंय.” नक्षी नियमात बसली, १.६ मिलिमीटरच्या वर भरली, की टायर चालतो असे आपण मानतो. परंतु उन्हात एकाच जागी वर्षानुवर्षे भार सोसणारे रबर न चालताही म्हातारे होते, आणि भरल्या ट्रकाखाली तापले की बाजूने फुटते.

टायरचे जे, तेच इतर अवयवांचे. उभ्या गाडीच्या ब्रेक-ड्रमला गंज धरतो, हवेच्या टाकीत पाणी साठते, वायरिंग उंदीर कुरतडतात. लहान व्हॅनमध्ये ब्रेक ऑइल असते, आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते : डॉट-३ जातीच्या कोऱ्या ऑइलसाठी उकळण्याची किमान मर्यादा २०५ अंश सेल्सियस आहे, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा अवघी १४० अंश धरलेली आहे; घाट उतरताना ते उकळले की पेडल तळाला जाते. अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा मालक या ऱ्हासाविषयी निश्चिंत असतो, कारण किलोमीटरचा काटा हललेला नसतो.

पंधरा वर्षे झाली की गाडी कायद्यानेच बाद होते, हा समज दिल्लीकडच्या बातम्यांतून आला आहे. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचा तो निर्बंध राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता होता, आणि १ एप्रिल २०२३ पासून ज्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले त्या सरकारी मालकीच्या गाड्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पीयूसी म्हणजे फिटनेस नव्हे, तो केवळ धुराचा दाखला. आणि वारीतल्या वाहनांना मिळणारा पास टोल माफ करतो, तपासणी नव्हे.

राहता राहिले घराचे अंतरंग. पासिंग होते ते वाहनाचे. आत मागाहून बसवलेली शेगडी, तिची नळी, बॅटरीवरून ओढलेल्या तारा यांकडे नियमातील ती यादी पाहत नाही. ब्रिटनमध्ये १९६० पासून चालत आलेल्या एमओटी तपासणीतही मोटारघराची चाके, ब्रेक आणि दिवे पाहतात, स्वयंपाकघर नव्हे. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, असे तेल कंपन्या सांगतात; ती घरातल्या ओट्याखाली बदलली जाते, आणि ट्रकात मात्र, जेथे ती हादरे सोसते, कित्येक वर्षे तशीच राहते.

“साहेबांनी पास केली, आता जबाबदारी त्यांची” हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. कायद्याचे १९० वे कलम निराळे सांगते : जो दोष मालकास वा चालकास ठाऊक होता, किंवा साधारण दक्षता घेतली असती तर कळला असता, अशा धोकादायक दोषासह गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि त्यात ट्रॉलीही आली. साधारण दक्षता म्हणजे काय, हे त्या शेडमध्ये मी पाहिले. मेस्त्रीने सहाही टायरचे आकडे खडूने दारावर लिहिले, टाकीचा कॉक उघडून तांबूस पाणी वाहून जाऊ दिले, आणि मालकास सांगितले, की निघण्याच्या आठ दिवस आधी शिध्याच्या वजनाची पोती भरून आणा, रिकाम्या गाडीचा ब्रेक मी बघणार नाही. मालक थोडा वेळ त्या खडूच्या आकड्यांकडे पाहत राहिला; मग त्याने दिंडीच्या वहीत, भिशीच्या हिशेबाखाली, दोन टायरांची रक्कम मांडली.