तालुका ऊर्जा स्वावलंबन : डॉ. अनिल राजवंशी यांचे संशोधन आणि वऱ्हाडातील पऱ्हाटी

प्रस्तावना :
धामणगाव रेल्वे तालुक्यात कापूस, तूर व सोयाबीन ही प्रमुख पिके होत. कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटून बांधावर रचली जाते. थोडी चुलीत जाते, उरलेली पुष्कळदा शेतातच पेटवून दिली जाते. त्याच शेतातील हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मात्र शेतकऱ्याला कृषिपंपाच्या विजेची वाट पाहत रात्र जागावी लागते. थंडी, रानडुकरे आणि साप-विंचू यांच्या सोबतीने ओलित करणे वऱ्हाडाला नवे नाही. एकीकडे इंधन जळून वाया जाते व दुसरीकडे वीज अवेळी मिळते. या विसंगतीवर ज्या संशोधकाने तालुका हे एकक धरून विचार मांडला, त्यांच्या कार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

संशोधक व संस्था :
डॉ. अनिल राजवंशी यांनी आय.आय.टी. कानपूर येथे शिक्षण घेतले व अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातून १९७९ मध्ये पीएच.डी. संपादन केली. १९८१ मध्ये ते सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आले. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था हीच पुढे त्यांची कर्मभूमी ठरली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. परदेशातील विद्यापीठ सोडून तालुक्याच्या गावी प्रयोगशाळा थाटणे हे त्या काळी धाडसाचेच होते.

१९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात त्यांनी ऊर्जा-स्वावलंबी तालुक्याची संकल्पना मांडली. तालुक्यातील पिकांच्या अवशेषांपासून तेथेच वीज निर्माण करावी, असे तिचे सूत्र आहे. त्यामुळे लांब पल्ल्याच्या वहनातील गळती टळते, टाकाऊ मालाला किंमत येते व रोजगार गावाजवळ राहतो.

वायुकरणाची प्रक्रिया :
अवशेष मर्यादित हवेत जाळले असता ते प्रथम वाळतात, नंतर त्यांचे विघटन होते व अखेरीस तप्त कोळशाच्या थरातून कार्बन मोनॉक्साईड व हायड्रोजनयुक्त ज्वलनशील वायू मिळतो. त्यावर इंजिन चालविता येते. अडचण दोन ठिकाणी येते. वायूत डांबर येते व ते इंजिनात साचते. शिवाय उसाचे पाचट, चिपाड यांसारखा हलका माल भट्टीच्या तोंडाशी अडकून राहतो. फलटण येथे नेमक्या अशा हलक्या इंधनासाठी वायुकारक विकसित करण्यात आला आणि त्याचा वापर प्रामुख्याने औद्योगिक उष्णतेसाठी तपासण्यात आला. वायू थेट जाळल्यास इंजिनाइतकी शुद्धता लागत नाही. पऱ्हाटीची सालही तंतुमय असल्याने तिचे बारीक तुकडे केल्याशिवाय ती भट्टीत सुरळीत उतरत नाही.

वऱ्हाडातील गणित :
एक हेक्टर कापसापासून साधारणतः २ ते ३ टन पऱ्हाटी मिळते. एक मेगावॅटचे केंद्र वर्षाला ७००० तास चालले तर ७० लाख युनिट वीज होईल. युनिटमागे १.३ किलो इंधन धरल्यास सुमारे ९१०० टन, म्हणजे हेक्टरी २ टनांप्रमाणे ४५५० हेक्टरची पऱ्हाटी लागेल. एका मेगावॅटसाठी हे अशक्य नाही, परंतु १० मेगावॅटसाठी ४५,५०० हेक्टर लागतात आणि येथे उसाच्या पट्ट्यातील हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. राज्यातील अनेक जैवभार विद्युत केंद्रे इंधनाचे दर चढल्याने अडचणीत आली, हे विसरून चालणार नाही. ज्या घरी पऱ्हाटीवरच चूल पेटते, तेथील वाटाही आधी बाजूला काढावा लागेल.

तरीही एक बाब पऱ्हाटीच्या बाजूची आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. शेतात रेंगाळलेली पऱ्हाटी व तिच्यावरील बोंडे यांत ही अळी तग धरते, म्हणून हंगाम संपताच ती काढून नष्ट करण्याचा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. योग्य भाव मिळाल्यास हे काम शेतकरी आपणहून करील.

सौर वीज आणि साठवण :
२०१७ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. तिचे प्रारंभीचे प्रायोगिक प्रकल्प राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे घेण्यात आले. शेतीला दिवसा वीज देणे हा तिचा हेतू आहे. दिवसाचे ओलित सूर्यावर भागले, तर जैवभारावर संध्याकाळनंतरचाच भार उरतो व लागणारे इंधनही त्या प्रमाणात घटते. मात्र पऱ्हाटी हिवाळ्याच्या अखेरीस एकदाच हाती येते. ती पावसाळाभर कोरडी व आगीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी जागा कोणी द्यावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हे आधी ठरवावे लागेल.