भयांतून हास्य

प्राणावर बेतलेल्या प्रसंगीं हंसूं कसें येतें? सायमन सेलन जोन्स यांच्या २०२३ सालच्या 'द फॅमिली प्लॅन' या अमेरिकन चित्रपटांत याचें उत्तर सांपडतें.

बफेलो शहरांतील मोटारविक्रेता डॅन मॉर्गन, म्हणजे नट मार्क वाहलबर्ग, हा पूर्वाश्रमीचा मारेकरी. घरांत मात्र कोणासही याची वार्ता नाहीं. जुने शत्रु माग काढीत येतात, तेव्हां सहलीचें निमित्त करून तो पत्नी व तिन्ही मुलांसह मोटारीनें लास वेगासकडे निघतो.

एका दुकानांत मारेकरी त्याच्यावर तुटून पडतो, आणि छातीशीं तर तान्हें मूल बांधलेलें! शत्रूचा वार चुकवावयाचा, पण बाळाला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. मरणाच्या दारांतही पित्याचें नित्यकर्म सुटत नाहीं, या विसंगतीनें हंसूं फुटतें. बाळ सुखरूप राहील अशी प्रेक्षकाची खात्री असते, म्हणूनच तो मोकळेपणानें हंसतो.

शत्रूंना डॅन हरवूं शकतो. परंतु इतकीं वर्षें आपला नवरा कोण होता, या पत्नीच्या प्रश्नापुढें त्याची शस्त्रविद्या लंगडी पडते. घराच्या रक्षणासाठीं धरलेलें असत्यच घर मोडूं पाहतें. जिवलगांपासून काय लपवावें, हा प्रश्न असा हंसतां हंसतां आपल्याही पदरीं पडतो.