जुन्या कपड्यांच्या दुकानातील चेटकीण

'चेटकीण' हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणूनच उच्चारला जातो. त्यापायी निरपराध बायकांचे जीवही गेले आहेत. म्हणूनच ज्युलिएट ब्लॅकवेल या अमेरिकन लेखिकेची रहस्यमाला आम्ही काहीशा साशंक मनानेच हाती घेतली. २००९ साली 'सेकंडहँड स्पिरिट्स' या कादंबरीने तिचा आरंभ झाला. नायिका लिली आयव्हरी सॅन फ्रान्सिस्को शहरात जुन्या कपड्यांचे दुकान चालविते. ती खरोखरीच चेटकीण आहे. मात्र ते लपवून चार माणसांत रुजावे, एवढीच तिची आस. वस्त्राला हात लावताच ते पूर्वी ल्यालेल्या व्यक्तीचे सुखदुःख तिला जाणवते. आजीच्या लुगड्यांची गोधडी पांघरून निजलेल्या वाचकांना यात अशक्य असे काही वाटू नये! पुढे ओळखीच्या एका वृद्धेचा खून होतो. गुपित फुटले तर संशय प्रथम आपल्यावरच यावयाचा, हे उमगूनही लिली तपासाला उभी राहते. आम्हांस मोह पडला तो या धैर्याचा; खुनाचा उलगडा त्यामानाने साधाच. डुकराचे रूप घेऊन दुकानात वावरणारा ऑस्कर नावाचा खट्याळ जीव मात्र आमच्या मते फार पाने खातो. मुलांना बहुधा तोच अधिक आवडेल.