पुन्हा तेच वाजलं? कान किटलेल्या सुरांच्या गमती

सावंगी (मेघे)ला दवाखान्यासमोरच्या चहाटपरीवर एखादा जुना बटणांचा मोबाइल वाजला, की तीन-चार जण आपापला खिसा चाचपतात. फोन एकाचाच असतो, पण ट्यून सगळ्यांच्या अंगात भिनलेली. ‘शास्त्रीय-बिस्त्रीय आपल्याले नाही समजत, बाप्पा’ म्हणणारा गडीही ती झोपेत गुणगुणेल. गंमत अशी, की ती ट्यून अस्सल शास्त्रीय आहे! ऐकून ऐकून नकोशा झालेल्या अशाच काही सुरावटींची ही फेरी. चहा निवायच्या आत वाचून होईल. फक्त एक सवाल मनात असू द्या: कंटाळा आधी कुणाला येतो, ऐकणाऱ्याला की वाजवणाऱ्याला?

खिशातला स्पॅनिश पाहुणा

नोकियाची ती ट्यून म्हणजे स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या ‘ग्रान वाल्स’मधला चिमूटभर तुकडा. सूर मोजून १३. १९९४ मध्ये तो मोबाइलमध्ये शिरला आणि जगभर किणकिणला. अख्खा वाल्स डौलदार, गोड आहे. पण आज तो मैफलीत वाजला आणि श्रोत्यांचे हात खिशाकडे गेले, तर बिचाऱ्या गिटारवाल्याने रागावू नये.

कचरा आणा, बीथोव्हन आला!

आपल्याकडे घंटागाडी हिंदी गाणं लावून गल्लीत शिरते. तैवानमध्ये पिवळी कचरागाडी येते ती बीथोव्हनची ‘फ्यूर एलिझं’ वाजवत, आणि लोक पिशव्या घेऊन धावतात. बीथोव्हनने ही रचना केली १८१० मध्ये, तो वारला १८२७ मध्ये आणि ती छापून आली थेट १८६७ मध्ये. पियानोच्या प्रत्येक नवशिक्याने ती पुढे किती बडवली, हे ऐकायची वेळ काही त्याच्यावर आली नाही.

घड्याळातला मोझार्ट

टायटनच्या जाहिरातीची धून दोन पिढ्यांना पाठ आहे. ती मोझार्टच्या २५व्या सिंफनीतली, १७७३ सालची. तेव्हा स्वारी होती १७ वर्षांची. जाहिरातीत ती ऐकली, की वाढदिवस, भेटवस्तू, डोळ्यांत पाणी असं सगळं आठवतं. मूळ रचना मात्र चांगलीच खवळलेली आहे. भेट द्यायला आलेल्या माणसाचा नव्हे, घरात भांडून दार आपटून निघालेल्याचा मूड! ज्यांना ही धून गुळमट वाटते, त्यांनी पहिली दोन मिनिटं तरी अख्खी ऐकावीत.

आकाशवाणीची पहाट

रेडिओ लावला, की आधी नुसती खरखर, मग तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. ही धून बांधली वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने. नाझींच्या धास्तीने युरोप सोडून ते १९३४ मध्ये मुंबईत आले. सुरावटीत शिवरंजनीची छाया आहे. पुढे त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथही लिहिला. ही धून लाखो घरांत रोज वाजली, तरी तिला विटलेला माणूस सहसा भेटत नाही. ठरल्या वेळी यायचं, काम झालं की निघायचं, असा पाहुणा कुणाला जड होतो?

आपल्याच गाजलेल्या चिजेला वैतागलेला

सर्गेई रखमानिनोव्हने १९व्या वर्षी, १८९२ मध्ये, पियानोसाठी एक ‘प्रील्यूड’ लिहिलं. प्रकाशकाकडून मिळाले ४० रूबल. स्वामित्वहक्काचं संरक्षण परदेशात नसल्याने पुढे जगभर छापलं गेलं तरी हाती फारसं काही लागलं नाही. हाती लागली ती फर्माइश! कुठेही वाजवायला बसला, तरी ते प्रील्यूड झाल्याशिवाय लोक त्याला सोडेनात. शेवटी त्याला त्याचा वीट आला. आपल्याकडे मैफलीत पुढच्या रांगेतून चिठ्ठी सरकते, तेव्हा गवयाच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, ते जरा निरखून बघा. सगळंच हसू खुशीचं नसतं.

४,०५६ ठोके

कंटाळ्याचा विक्रम मात्र ताशेवाल्याचा. रावेलच्या ‘बोलेरो’त (१९२८) छोट्या ड्रमवर २४ ठोक्यांचा एक नमुना आहे. तो वाजवायचा १६९ वेळा. गुणाकार करा: ४,०५६ ठोके, पंधराएक मिनिटं, लय तसूभर ढळू न देता. सुरुवातीला कानाजवळ कुजबुजावं इतका हळू, शेवटी छप्पर उडेल इतका जोरात. त्याचा चुलतभाऊ म्हणजे पाखेलबेलच्या ‘कॅनन’मधला चेलोवाला. त्याच्या वाट्याला आठ सूर, तेच २८ वेळा. वरचे व्हायोलिनवाले मजा मारतात, हा दळण दळतो. विलंबित एकतालात तासभर ठेका धरणाऱ्या आपल्या तबलजीला हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

शेजाऱ्यांचा यमन

गायनाच्या क्लासवरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, त्यांना आरोह-अवरोह तोंडपाठ असतो. बहुतेक क्लासांत सुरुवातीलाच येतात भूप आणि यमन. जूनमध्ये नवी पोरं, नवा यमन. नवी पेटी, जुना तीव्र मध्यम, तोही अर्धा चढलेला. पण हाच यमन १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’मधल्या ‘नाथ हा माझा’मध्ये येतो आणि ‘चंदन सा बदन’मध्येही. ते ऐकताना ‘पुन्हा यमन?’ असं कुणी म्हणत नाही. वैताग येतो तो रागाचा नाही, पेटीवर धडा गिरवणाऱ्या बोटांचा. रागही त्या बोटांना काही म्हणत नाही. त्याने अशी बरीच पाहिलीत.

भैरवी, म्हणजे चपला शोधा

शास्त्राप्रमाणे भैरवी सकाळची. मैफलीत ती रात्री बारालाही चालते, कारण तिच्याकडे समारोपाचं काम आहे. ती सुरू झाली, की मागच्या रांगेत पिशव्यांची खसखस आणि दाराशी चपलांची शोधाशोध. १९८८ चं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ही भैरवीतलंच. ते दूरदर्शनने इतकं लावलं, की देशातली सगळ्यात जास्त ऐकली गेलेली भैरवी तीच असावी. तिच्या वेळी मात्र चपला शोधायला कुणी उठलं नाही.

एक पद, दोन चाली

आता सुरुवातीच्या सवालाला विदर्भाचं उत्तर. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि त्यातल्या खाँसाहेबांची भूमिका गाजवली मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी. त्यातलं ‘घेई छंद मकरंद’ स्पर्धांच्या परीक्षकांनी किती वेळा ऐकलं असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण नाटकात हे पद दोन चालींत आहे: दुसऱ्या घराण्याच्या पंडितजींची संथ, खाँसाहेबांची फिरत घेत झेपावणारी. शब्द तेच, घराणं बदललं की गाणंच दुसरं. आपल्या गवयाला ही मुभा आहे, म्हणून तो तीच चीज चाळीस वर्षं गातो आणि टिकतो. रखमानिनोव्हला लिहिलेलं तसंच वाजवायचं होतं. वीट आधी त्याला आला, लोकांना नाही. आपला सवाल सुटला म्हणायचा!

आणि एक अपवाद

सुटला, पण पुरता नाही. सावंगीहून वर्धा ओलांडून गेलं, की सेवाग्राम. गांधीजी इथे आले १९३६ मध्ये. आश्रमात आजही पहाटे आणि संध्याकाळी उघड्या अंगणात प्रार्थना होते. ठरलेले श्लोक, ठरलेल्या चाली. आश्रमाच्या भजनांना चाल आणि शिस्त लावली ती नारायण मोरेश्वर खरे यांनी, पलुसकरांच्या शिष्याने. इतक्या वर्षांत ती प्रार्थना किती हजार वेळा झाली असेल! तिथे फर्माइश करणारा कुणी नाही आणि वैतागणारा कलाकारही नाही. सतरंजीवर बसला तो म्हणतो. ज्याला सूर सापडत नाही, तो शेजाऱ्याच्या सुरात आपला घालतो.

एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा. फक्त मोबाइल सायलेंटवर टाका. नाहीतर ऐन शांततेत तारेगा शिरायचा आणि अख्खी सतरंजी आपापला खिसा चाचपायची.