लिनक्सवर स्कॅनर चालत नाही? आधी साखळी तपासा

संशोधनाला लागलात की संख्याशास्त्र शिकवतात, संदर्भ कसे द्यायचे ते शिकवतात. पण जुने कागद दोन दिवसांसाठी हातात आलेत आणि स्कॅनर सुरूच होत नाहीये, तेव्हा काय करायचं हे कुणी सांगत नाही. माझ्यावर ती वेळ आली होती. एका संग्रहातून जुन्या नियतकालिकाचे तीन बांधीव खंड दोन दिवसांच्या बोलीवर मिळाले होते. पहिला अख्खा दिवस यूएसबी स्कॅनरशी झटापट करण्यात गेला. संध्याकाळी तो सुरू झाला, पण कशामुळे ते कळलंच नाही. तोवर मी केबल बदलली होती, दोन पॅकेजेस टाकली होती, एक फाइल बदलली होती आणि कॉम्प्युटर दोनदा रीस्टार्ट केला होता. दुसऱ्या दिवशी दोनच खंड झाले. तिसरा तसाच परत गेला. महिन्याभराने अपडेट केलं आणि स्कॅनर पुन्हा बंद!

म्हणून हा लेख. यात स्कॅनर दुरुस्त करायची पद्धत आहे, पण प्रयोग फसल्यावरही हीच पद्धत वापरायची असते.

साखळी कशी आहे?

कागदापासून पडद्यापर्यंत पाच कड्या आहेत: स्कॅनर आणि केबल, लिनक्सचा कर्नल, वापरण्याची परवानगी, बॅकएंड आणि शेवटी तुम्ही उघडता तो प्रोग्राम. लिनक्सवर स्कॅनिंगचं काम बहुतेक वेळा 'सेन' ही प्रणाली करते. 'स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी' हे तिचं पूर्ण नाव. सेनमध्ये प्रत्येक जातीच्या स्कॅनरशी बोलणारा वेगळा बॅकएंड असतो. पडद्यावरचा प्रोग्राम त्या बॅकएंडमार्फतच स्कॅनरपर्यंत पोचतो.

'स्कॅनर सापडला नाही' एवढा संदेश वाचून कुठली कडी तुटली ते कळत नाही. ते शोधायला प्रत्येक कडीला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. (खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.)

प्रश्न १: कॉम्प्युटरला स्कॅनर दिसतो का?

'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. जोडलेल्या सगळ्या यूएसबी उपकरणांची यादी येईल. प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. कंपनीचा आकडा ०४ए९ असेल तर कॅनन, ०४बी८ असेल तर एप्सन. हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

यादीत स्कॅनर नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. केबल बदलून बघा, हब काढून थेट कॉम्प्युटरला जोडा, स्कॅनरला वेगळा वीजपुरवठा असेल तर तो तपासा. इथे ड्रायव्हर टाकत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

प्रश्न २: सेनला तो ओळखता येतो का?

आता दोन आज्ञा एकापाठोपाठ द्या. पहिली 'सेन-फाइंड-स्कॅनर'. ती यूएसबीवर स्कॅनरसारखं काही आहे का एवढंच बघते. दुसरी 'स्कॅनइमेज', मग मोकळी जागा, वजाचिन्ह आणि मोठ्या लिपीतलं एल. ती प्रत्यक्ष बॅकएंडना विचारते. पहिलीला सापडला आणि दुसरीला नाही, तर घोळ परवानगीत किंवा बॅकएंडमध्ये आहे.

प्रश्न ३: परवानगी की बॅकएंड?

तीच दुसरी आज्ञा 'सुडो' लावून द्या. आता सापडला तर बॅकएंड ठीक आहे, अडचण परवानगीची आहे. उबुंटू किंवा डेबियनवर तुमचं नाव 'स्कॅनर' या गटात आहे का ते बघा. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं, हे हमखास विसरलं जातं. गटाने भागलं नाही, तर यूडेव्हच्या नियमात तुमच्या स्कॅनरचे ते दोन आकडे घालावे लागतील.

एक मोह मात्र टाळा. सुडोने चालतंय म्हणून कायम सुडोनेच स्कॅन करू नका. फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात आणि मूळ दोष तसाच राहतो. सुडो इथे फक्त चाचणीपुरता.

सुडोनेही सापडला नाही, तर बॅकएंडकडे वळा. सेन प्रकल्पाची स्कॅनरची यादी आहे. त्यात आपले आकडे शोधा. कुठला स्कॅनर पूर्ण चालतो, कुठला जेमतेम आणि कुठला अजिबात नाही, हे तिथे दिलेलं असतं. काही जुन्या स्कॅनरना कंपनीची फर्मवेअर फाइल वेगळी द्यावी लागते. काहींना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. नवी ऑल-इन-वन यंत्रं अनेकदा 'आयपीपी-यूएसबी' आणि 'सेन-एअरस्कॅन' या जोडीवर चालतात. अशा वेळी आयपीपी-यूएसबीने यंत्र धरून ठेवलं तर जुन्या बॅकएंडला 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर मिळू शकतं. ती सेवा तात्पुरती थांबवून बघा.

प्रश्न ४: फक्त प्रोग्रामच अडतोय का?

स्कॅनइमेजला स्कॅनर सापडतो, पण तुमच्या प्रोग्रामला नाही? मग खालच्या कड्या सोडून द्या आणि दुसरा प्रोग्राम वापरून बघा. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक म्हणून टाकलेल्या प्रोग्रामला कधीकधी यंत्रापर्यंत पोचूच दिलेलं नसतं.

वहीत काय लिहायचं?

चार रकाने पुरेत: वेळ, काय बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं. तिसरा रकाना बदल करण्याआधी भरा. 'केबल खराब असेल तर नवी लावल्यावर यादीत ओळ यायला हवी', असं लिहिलंत की ते गृहीतक झालं. ओळ आली नाही तर केबल निर्दोष. एका वेळी एकच बदल करा आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घ्या.

दुसऱ्या वेळी स्कॅनर बंद पडला तेव्हा मी असंच केलं. यादीत स्कॅनर होता, स्कॅनइमेजला नव्हता, सुडो लावल्यावर सापडला. म्हणजे परवानगी. मग उलगडा झाला. पहिल्या दिवशी मी यूडेव्हचा नियम 'लिब' फोल्डरमधल्या पॅकेजच्या फाइलमध्ये घातला होता. अपडेटने ती फाइल नवी केली आणि माझी ओळ पुसली गेली. स्वतःचे नियम 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'यूडेव्ह', त्यातल्या 'रूल्स डॉट डी' मध्ये वेगळ्या फाइलीत ठेवायचे असतात. तिथे ते अपडेटनंतरही टिकतात. सगळं मिळून अर्धा तास लागला.

पहिल्या दिवशी ही वही असती तर तिसरा खंडही झाला असता. माझ्या एका प्रकरणात त्या वर्षांची जागा अजून रिकामी आहे. तेव्हा दुर्मीळ कागद आणायला जाण्याच्या आदल्या दिवशी घरातलं कुठलंही एक पान स्कॅन करून बघा. आणि काही अडलंच, तर आधी वही उघडा.